एसईलिनक्स बंद न करता नागिओसचं मेल-क्यू प्लगइन कसं चालवायचं

पोस्टफिक्स या मेल सर्व्हरच्या क्यूमध्ये (पाठवायच्या पत्रांच्या रांगेत) हजारो पत्रं अडकलेली असतात आणि सर्व्हरवर नजर ठेवणाऱ्या नागिओसचा रकाना मात्र हिरवा दिसतो. असं झालं की बहुतेक जण पोस्टफिक्स तपासतात, मग नेटवर्क, आणि सगळ्यात शेवटी प्लगइन, म्हणजे नागिओससाठी क्यू मोजणारा छोटा प्रोग्रॅम. खरं तर प्लगइनच्या बाबतीत पहिला प्रश्न हा विचारायला हवा: ते क्यू वाचू शकलं का? की वाचायला नकार मिळाला आणि त्यानं तो नकार "शून्य पत्रं" असा वाचला? एसईलिनक्सनं, म्हणजे कोणत्या प्रोसेसला कशाला हात लावता येईल हे ठरवणाऱ्या लिनक्सच्या सुरक्षा-व्यवस्थेनं, दिलेला नकार तसा निरुपद्रवी असतो. तो गिळून टाकणारं प्लगइन खरं धोक्याचं.

हा लेख रेड हॅट घराण्यातल्या सर्व्हरसाठी आहे, म्हणजे आरएचईएल, अल्मा, रॉकी, फेडोरा. त्यावर पोस्टफिक्स आहे आणि नागिओस एनआरपीईमार्फत (दूरच्या सर्व्हरवर त्याच्यासाठी प्लगइन चालवणारा प्रोग्रॅम) प्लगइन चालवतो, असं धरलं आहे. आज्ञा, पाथ आणि टाइपची नावं देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलवर ती नेहमीच्या रोमन अक्षरांत द्यायची आहेत. कॅपिटल अक्षर लागतं तिथे तसं सांगितलं आहे.

कोण कुणाच्या डोमेनमध्ये चालतं

एसईलिनक्समध्ये प्रत्येक फाइलला लेबल आणि प्रत्येक चालू प्रोसेसला डोमेन असतं; कोणत्या डोमेनला काय करता येईल याचे नियम म्हणजे पॉलिसी. सर्व्हरवर एनआरपीई डीमन (सतत मागे चालणारी सेवा) एनआरपीई_टी या डोमेनमध्ये चालतो. तो /यूएसआर/लिब64/नागिओस/प्लगइन्स मधली फाइल चालवतो तेव्हा कर्नल त्या फाइलचं लेबल पाहतो. चेक_मेलक्यूचं लेबल नागिओस_मेल_प्लगइन_एक्झेक_टी असेल, तर नवी प्रोसेस नागिओस_मेल_प्लगइन_टी मध्ये जाते. या डोमेनला मेल सिस्टिमशी बोलायची परवानगी पॉलिसीत आधीच दिलेली आहे: मेल पाठवणाऱ्या प्रोग्रॅमला हाक मारणं, पोस्टफिक्सच्या मास्टरच्या सॉकेटशी जोडणं, सिसलॉगला लिहिणं वगैरे.

प्रत्येक प्लगइनला असं वेगळं डोमेन नसतं. पॉलिसीत प्लगइनचे गट केले आहेत. चेक_डिस्क आणि त्याची भावंडं चेकडिस्क गटात, चेक_लोड, चेक_स्वॅप, चेक_प्रॉक्स सिस्टिम गटात, चेक_एचटीटीपी, चेक_डीएनएस वगैरे सर्व्हिसेस गटात. मेल गटाच्या यादीत मुळात चेक_मेलक्यू हे एकच नाव आहे. तुम्ही स्वतः लिहिलेलं किंवा कुठून आणलेलं मेलचं प्लगइन त्या यादीत आपोआप येत नाही. बहुतेक अडचणींचं मूळ इथेच असतं.

मुनिन हे देखरेखीचं दुसरं साधन वापरणाऱ्यांसाठीही रचना अशीच आहे. फक्त तिथे डोमेनचं नाव मेल_मुनिन_प्लगइन_टी आहे आणि पोस्टफिक्स, एक्झिम, क्यूमेल या मेल सर्व्हरांची प्लगइन्स त्यात येतात. पुढच्या बहुतेक पायऱ्या नाव बदलून तिथेही चालतील. उबुंटूवर एसईलिनक्सऐवजी ऍपआर्मर असतं. त्याची पॉलिसी लेबलवर न चालता फाइलच्या पाथवर चालते, त्यामुळे लेबलसंबंधीचा भाग तिथे लागू नाही.

आधी लेबल पाहा

एलएस -कॅपिटल झेड देऊन प्लगइनचं सध्याचं लेबल पाहा. मग मॅचपाथकॉन -कॅपिटल व्ही देऊन तेच लेबल पॉलिसीच्या अपेक्षेशी जुळतं का ते पाहा. दोन्ही जुळत नसतील तर रिस्टोअरकॉन -व्ही चालवा. नव्वद टक्के वेळा काम इथेच संपतं, असं म्हणायचा मोह होतो. पण आकडा बाजूला ठेवला तरी ही पायरी गाळून ऑडिट लॉगमध्ये (एसईलिनक्सच्या नकारांच्या नोंदवहीत) डोकं घालणं म्हणजे वेळ घालवणं.

लेबल चुकण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे एमव्ही. फाइल एससीपीनं /रूट मध्ये आणली आणि तिथून एमव्हीनं प्लगइनच्या डिरेक्टरीत हलवली, तर ती जुनं लेबल, म्हणजे ॲडमिन_होम_टी, सोबत घेऊनच येते. सीपी केली असती तर नव्या डिरेक्टरीप्रमाणे लेबल मिळालं असतं. ॲडमिन_होम_टी लेबलची फाइल एनआरपीईला चालवताच येत नाही आणि नागिओसवर नुसता अननोन (स्थिती कळली नाही) दिसतो. इन्स्टॉल ही आज्ञा वापरली तरी शेवटी रिस्टोअरकॉन चालवायची सवय ठेवा.

स्वतःच्या प्लगइनला मेल गटात घालायचं असेल तर नियम कायमचा नोंदवावा लागतो. सीएचकॉननं दिलेलं लेबल पुढच्या रिलेबलमध्ये पुसलं जातं, म्हणून ते फक्त प्रयोगापुरतं. कायमची नोंद अशी करायची:

सेमॅनेज एफकॉन्टेक्स्ट -ए -टी नागिओस_मेल_प्लगइन_एक्झेक_टी '/यूएसआर/लिब/नागिओस/प्लगइन्स/चेक_पोस्टफिक्स_डिफर्ड'

रिस्टोअरकॉन -व्ही /यूएसआर/लिब64/नागिओस/प्लगइन्स/चेक_पोस्टफिक्स_डिफर्ड

पहिल्या ओळीत लिब आहे आणि दुसरीत लिब64. ही टायपिंगची चूक नाही. पॉलिसीत /यूएसआर/लिब64 हे /यूएसआर/लिब सारखंच मानायचं असा समानतेचा नियम असतो. सेमॅनेजला लिब64 दिलंत तर ते इक्विव्हॅलन्सी रूलशी विरोध आहे असं सांगून नाकारतं आणि लिबचा पाथ द्यायला सुचवतं. फाइल मात्र खरोखर लिब64 मध्येच असते, म्हणून रिस्टोअरकॉनला खरा पाथ द्यायचा.

प्लगइनचं लेबल साधं बिन_टी राहिलं तर डोमेन बदलत नाही. प्लगइन एनआरपीई_टी मध्येच चालतं आणि मग क्यू वाचायची परवानगी एनआरपीईला आहे का, हा प्रश्न उभा राहतो. तेव्हा ऑडिटू-अलाऊ (नकाराच्या नोंदींवरून परवानगीचे नियम बनवणारी आज्ञा) चालवून एनआरपीई_टी लाच परवानग्या देत बसू नका. नेटवर्कवरून हुकूम घेणारा डीमन तोच आहे. त्याला मेलचा स्पूल (पत्रं साठवायची जागा) उघडा करून देणं हा या साऱ्या व्यवस्थेच्या उलट कारभार.

हातानं चालवलं तर चालतं, नागिओसमधून नाही

ही तक्रार सगळ्यात जास्त ऐकू येते. कारण साधं आहे. तुम्ही लॉगिन करून प्लगइन चालवता तेव्हा तुमचा शेल अनकन्फाइन्ड_टी मध्ये असतो आणि तिथून मेल प्लगइनच्या डोमेनमध्ये उडी होत नाही. प्लगइन तुमच्याच मोकळ्या डोमेनमध्ये चालतं, सगळं वाचतं आणि ओके म्हणतं. सुडो -यू एनआरपीई लावूनही फरक पडत नाही. त्यानं यूजर बदलतो, एसईलिनक्सचं डोमेन नाही.

म्हणून चाचणी नेहमी खऱ्या वाटेनंच करा. त्याच सर्व्हरवर चेक_एनआरपीई बसवा, एनआरपीईच्या कॉन्फिगमध्ये अलाउड_होस्ट्सला 127.0.0.1 द्या आणि

चेक_एनआरपीई -कॅपिटल एच 127.0.0.1 -सी चेक_मेलक्यू

असं चालवा. प्लगइन थोडा वेळ थांबून राहील अशी व्यवस्था केली, तर दुसऱ्या टर्मिनलमध्ये पीएस -ईकॅपिटल-झेड देऊन ते कोणत्या डोमेनमध्ये आहे तेही प्रत्यक्ष दिसतं.

एनआरपीईच्या कॉन्फिगमधली ओळ साधारण अशी असते: कमांड[चेक_मेलक्यू]= आणि पुढे प्लगइनचा पूर्ण पाथ, -कॅपिटल एम पोस्टफिक्स, -डब्ल्यू 50 (इशारा), -सी 200 (गंभीर). मर्यादा तुमच्या रहदारीप्रमाणे ठरवा. बातमीपत्रं पाठवणाऱ्या सर्व्हरवर 200 म्हणजे काहीच नाही, वीस जणांच्या ऑफिसच्या सर्व्हरवर 50 सुद्धा धोक्याची घंटा.

ऑडिट लॉग कसा वाचायचा

चाचणी झाली की लगेच:

ऑडिटसर्च (टर्मिनलवर एयूसर्च) -एम एव्हीसी -टीएस रीसेंट

एव्हीसी म्हणजे एसईलिनक्सच्या नकाराच्या नोंदी आणि रीसेंट म्हणजे मागची दहा मिनिटं. नोंद प्लगइनच्या नावानं शोधायची असेल तर -सी आहे. पण प्रोसेसच्या नावाची पहिली 15 अक्षरंच नोंदली जातात. चेक_पोस्टफिक्स_डिफर्ड पूर्ण नावानं शोधलंत तर काहीच मिळत नाही आणि सगळं ठीक आहे असा गैरसमज होतो. शिवाय नकार प्लगइनला मिळाला असेलच असं नाही. मेलक्यू ही आज्ञा खरं तर पोस्टफिक्सच्या सेंडमेल प्रोग्रॅमकडे जाणारी लिंक असते आणि तो पुढे पोस्टक्यू चालवतो. वाटेत डोमेन बदललं, तर नोंदीतला सोर्स टाइप नागिओसचा न दिसता मेल सिस्टिमचा दिसतो. त्यामुळे नावानं शोधण्यापेक्षा वेळेनं शोधा.

नोंदीत चारच गोष्टी पाहायच्या. कंसातली परवानगी (सर्च, रीड, एक्झिक्यूट, कनेक्टटू वगैरे), एस-कॉन्टेक्स्ट म्हणजे मागणारा, टी-कॉन्टेक्स्ट म्हणजे ज्याच्याकडे मागितलं तो, आणि टी-क्लास म्हणजे ती फाइल आहे, डिरेक्टरी आहे की सॉकेट. टी-कॉन्टेक्स्टमध्ये अनलेबल्ड_टी, डिफॉल्ट_टी किंवा यूजर_होम_टी असं काही दिसलं, तर पॉलिसीचा विचार सोडा. लेबल चुकलेलं आहे.

नोंद मिळालीच नाही तर दोन शक्यता. एक, नकार एसईलिनक्सचा नाहीच. लिनक्स आधी साध्या मालक-गट परवानग्या तपासतो. तिथेच नकार मिळाला तर गोष्ट एसईलिनक्सपर्यंत पोहोचतच नाही. पोस्टफिक्सच्या डिफर्ड (पाठवणं लांबलेल्या पत्रांच्या) डिरेक्टरीत एनआरपीई यूजरला मुळातच शिरता येत नाही, कारण ती फक्त पोस्टफिक्स यूजरची आहे. दोन, पॉलिसीत डोन्टऑडिटचा नियम आहे आणि नकार मुकाट्यानं दिला जातोय. तेव्हा सेमॉड्यूल -कॅपिटल डी-कॅपिटल बी चालवून डोन्टऑडिट तात्पुरते काढा, चाचणी घ्या आणि लगेच सेमॉड्यूल -कॅपिटल बी देऊन परत आणा. मधल्या काळात लॉगमध्ये बिनकामाच्या नोंदींचा पूर येतो. त्यातली प्रत्येक नोंद सोडवायची नसते.

डीएसी_ओव्हरराइड मागणारी नोंद दिसली तर हात आखडता घ्या. याचा अर्थ रूट म्हणून चालणारी प्रोसेस अशा फाइलला हात घालते आहे, जिच्या साध्या परवानग्यांत रूटला जागाच नाही. फाइलचा मालक किंवा मोड दुरुस्त करा. ही परवानगी पॉलिसीत देणं म्हणजे फाइलच्या साऱ्या परवानग्यांवर पाणी सोडणं.

सुडोचा मोह

चेक_मेलक्यूला -एस हा सुडोचा पर्याय आहे आणि पॉलिसीत नागिओस_रन_सुडो नावाचं बूलियनही (चालू-बंद करायचा खटका) आहे. सेटएसईबूल -कॅपिटल पी नागिओस_रन_सुडो 1 केलं की ते कायमचं चालू होतं. पण पोस्टफिक्ससाठी याची गरज नाही. पोस्टक्यू हा प्रोग्रॅम पोस्टड्रॉप गटाच्या सेटजीआयडीनं (कुणीही चालवला तरी त्या गटाच्या अधिकारानं) चालतो, म्हणून कुणीही साधा यूजर क्यूची यादी पाहू शकतो. सुडो मध्ये आला की पॅम (यूजरची ओळख तपासणारी व्यवस्था), ऑडिटला संदेश, रिसोर्स मर्यादा अशा डझनभर नव्या मागण्या येतात आणि प्रत्येकीचा वेगळा नकार.

एक्झिम असेल तर गोष्ट थोडी वेगळी. तिथे क्यूची यादी डिफॉल्टनं फक्त ॲडमिन यूजरलाच दिसते. सुडोपेक्षा एक्झिमच्या कॉन्फिगमध्ये क्यू_लिस्ट_रिक्वायर्स_ॲडमिन = फॉल्स करणं सुटसुटीत.

सुडो नाही, बूलियन नाही, तरी पोस्टक्यू "कनेक्ट टू द पोस्टफिक्स शोक्यू सर्व्हिस: परमिशन डिनाइड" म्हणत असेल, तर सर्व्हिसेस सुरू करणाऱ्या सिस्टिमडीची युनिट फाइल पाहा. सर्व्हिस कडक करायच्या उत्साहात कुणीतरी एनआरपीईच्या युनिटमध्ये नो-न्यू-प्रिव्हिलेजेस=येस (तिन्ही शब्दांचं पहिलं अक्षर कॅपिटल, मधल्या रेघांशिवाय) टाकलेलं असतं. त्यानं दोन गोष्टी एकदम मोडतात. पोस्टक्यूचं सेटजीआयडी निष्फळ होतं आणि पॉलिसीत खास परवानगी नसेल तर एसईलिनक्सची डोमेनमधली उडीही थांबते. या युनिटमध्ये ती ओळ ठेवून मेल-क्यू तपासता येत नाही.

स्वतःचं प्लगइन: नकाराला अननोन म्हणायचं

चेक_मेलक्यू एकूण संख्या सांगतं. फक्त डिफर्ड किती, हे हवं असेल तर बरेच जण फाइंडनं डिफर्ड डिरेक्टरीतल्या फाइली मोजतात आणि एरर /डेव्ह/नल मध्ये फेकतात. नकार मिळाला की फाइंड काहीच छापत नाही, डब्ल्यूसी शून्य मोजतो आणि प्लगइन ओके देतं. सुरुवातीला सांगितलेला हिरवा रकाना नेमका असाच तयार होतो.

पोस्टफिक्स 3.1 पासून पोस्टक्यू -जे आहे. तो प्रत्येक पत्रासाठी एक ओळ जेसनमध्ये देतो आणि त्यात क्यू_नेम असतं. त्यावर लिहिलेल्या बॅश प्लगइनमध्ये पुढचा क्रम पाळा.

पोस्टक्यू -जे चा सगळा मजकूर एका व्हेरिएबलमध्ये घ्या आणि त्याच क्षणी त्याचा एक्झिट कोड तपासा. शून्य नसेल तर "अननोन: क्यू वाचता आली नाही" छापून 3 नं बाहेर पडा. एरर कुठेही फेकू नका. ती याच संदेशात दाखवा, रात्री दोन वाजता फोन आलेल्या माणसाला तिचाच आधार असतो. कोड शून्य असेल तरच पुढे प्रिंटएफनं मजकूर ग्रेप -सी कडे पाठवून क्यू_नेम डिफर्ड असलेल्या ओळी मोजा. एकही ओळ जुळली नाही तर ग्रेप 1 परत देतो. स्क्रिप्टच्या वर सेट -ई असेल तर रिकाम्या क्यूवर प्लगइन मध्येच मरतं. मग मर्यादेशी तुलना, आणि 0 (ओके), 1 (इशारा) किंवा 2 (गंभीर) नं बाहेर पडा.

ग्रेपला मजकूर तीन बाणांच्या हिअर-स्ट्रिंगनं देऊ नका. बॅश 5.1 च्या आधीच्या आवृत्त्या त्यासाठी तात्पुरती फाइल बनवतात आणि त्यानंतरच्याही मजकूर मोठा झाला की तेच करतात. मेल प्लगइनच्या डोमेनला तशी फाइल बनवायची मुभा नसेल, तर क्यू लहान असताना सगळं चालतं आणि क्यू फुगली, म्हणजे प्लगइनची खरी गरज पडली, की नेमकं तेव्हाच मोडतं.

छोटं लोकल मॉड्यूल

मूळ चेक_मेलक्यू पर्लमध्ये आहे, तुमचं बॅशमध्ये. त्यामुळे मेल डोमेनला शेल चालवायची परवानगी कमी पडू शकते आणि लॉगमध्ये शेल_एक्झेक_टी वर एक्झिक्यूट किंवा मॅपचा नकार दिसतो. आधी काय आहे ते पाहा. सेटूल्स-कन्सोल पॅकेजमधली एसईसर्च -कॅपिटल ए, -एस नंतर डोमेन, -टी नंतर टार्गेट टाइप दिला की लागू नियम दिसतात.

मग फक्त त्या एका डोमेनला परमिसिव्ह करा, म्हणजे तिथे नियम मोडला तर नोंद होते पण अडवणूक होत नाही: सेमॅनेज परमिसिव्ह -ए नागिओस_मेल_प्लगइन_टी. बाकी सर्व्हर एन्फोर्सिंगमध्येच (नियम लागू असलेल्या स्थितीत) राहतो. सेटएन्फोर्स 0 ची गरज नाही. परमिसिव्हमध्ये प्लगइन शेवटपर्यंत धावतं आणि सगळे नकार एकदम नोंदले जातात. एन्फोर्सिंगमध्ये पहिल्या नकाराशीच ते अडतं, मग एक सोडवला की दुसरा. दोन्ही स्थिती घ्या, क्यू रिकामी असताना आणि भरलेली असताना. दोन्हींत कोडची वाट वेगळी असते.

नोंदी ऑडिटू-अलाऊला -कॅपिटल आर लावून द्या. तो कच्च्या अलाऊ ओळींऐवजी पॉलिसीतले तयार इंटरफेस (नियमांचे गट) सुचवतो. त्यासाठी एसईलिनक्स-पॉलिसी-डेव्हल पॅकेज लागतं आणि एसईपॉलजेन-आयफजेन एकदा चालवावं लागतं. सूचना आंधळेपणानं घेऊ नका. कधीकधी तो गरजेपेक्षा रुंद इंटरफेस निवडतो. बॅश प्लगइनसाठी मॉड्यूलच्या, म्हणजे पॉलिसीला जोडायच्या छोट्या नियमसंचाच्या, टी-ई फाइलमध्ये साधारण एवढंच पुरतं: पॉलिसी_मॉड्यूल(नागिओस_मेल_लोकल, 1.0), जेन_रिक्वायरमध्ये टाइप नागिओस_मेल_प्लगइन_टी, मग कोअरसीएमडी_एक्झेक_शेल आणि कोअरसीएमडी_एक्झेक_बिन या डोमेनसाठी. पोस्टक्यूवर अजून नकार येत असेल तरच पोस्टफिक्स_डोमट्रान्स_पोस्टक्यू जोडा. त्यानं पोस्टक्यू त्याच्या स्वतःच्या मर्यादित डोमेनमध्ये चालतो आणि प्लगइनला स्पूलला हात लावायची गरज राहत नाही.

मेक -एफ /यूएसआर/शेअर/एसईलिनक्स/डेव्हल/मेकफाइल (एम कॅपिटल) नं पीपी फाइल बनवा, सेमॉड्यूल -आय नं बसवा आणि परमिसिव्ह ताबडतोब काढा: सेमॅनेज परमिसिव्ह -डी नागिओस_मेल_प्लगइन_टी. ही ओळ विसरली की ते डोमेन वर्षानुवर्षं तसंच राहतं, कारण नंतर काहीच बिघडत नाही आणि कुणाला आठवतही नाही. सेमॅनेज परमिसिव्ह -एल नं अधूनमधून यादी पाहा.

नकाराची तालीम

प्लगइन नकारावर खरंच अननोन देतं का, हे मुद्दाम करून पाहायचं. पोस्टफिक्सच्या मेन.सीएफमध्ये ऑथोराइज्ड_मेलक्यू_यूजर्स = !एनआरपीई, स्टॅटिक:एनीवन असं लिहा. पोस्टक्यू ही सेटिंग दर वेळी वाचतो आणि एनआरपीई यूजरला क्यू दाखवायला नकार देतो. चेक_एनआरपीईमधून चालवा. ओके आलं तर प्लगइन फेकून द्या किंवा दुरुस्त करा. मग ओळ काढा.

वेळमर्यादेची गल्लत वेगळी ओळखायला शिका. चेक_एनआरपीई डिफॉल्टनं 10 सेकंद थांबतो, चेक_मेलक्यू स्वतः 15 आणि एनआरपीईची कमांड_टाइमआउट 60. मोठ्या क्यूची यादी बनवताना पोस्टफिक्सला प्रत्येक पत्राची फाइल उघडावी लागते. हळू डिस्कवर 10 सेकंद सहज उलटतात. तेव्हा एसईलिनक्सचा दोष नसतो आणि ऑडिट लॉगही कोरा असतो. चेक_एनआरपीईला -टी 30 द्या आणि प्लगइनची मर्यादा त्याहून कमी ठेवा, म्हणजे निकाल प्लगइनकडून येईल.

एनआरपीई 5666 सोडून दुसऱ्या पोर्टवर ठेवला असेल तर डीमन सुरूच होणार नाही, कारण पॉलिसीनं त्याला ठरावीक पोर्टच बांधायला दिले आहेत. सेमॅनेज पोर्ट -एल मध्ये 5666 कोणत्या टाइपखाली आहे ते पाहा आणि नवा पोर्ट त्याच टाइपखाली -ए नं जोडा.

डिस्ट्रोचं अपग्रेड झालं की तीन गोष्टी तपासा. सेमॉड्यूल -एल मध्ये तुमचं मॉड्यूल आहे का. रिस्टोअरकॉन -कॅपिटल आर -एन -व्ही प्लगइनच्या डिरेक्टरीवर चालवल्यावर काही बदल दाखवतं का (-एन मुळे ते फक्त सांगतं, बदलत नाही). आणि चेक_एनआरपीईचा निकाल आणि हातानं मोजलेली क्यूची संख्या जुळते का. लोकल मॉड्यूल 400 या प्राधान्यानं बसतं आणि डिस्ट्रोची पॉलिसी 100 वर असते. त्यामुळे तुमच्या मॉड्यूलला चुकून "नागिओस" हेच नाव दिलंत, तर ते डिस्ट्रोच्या संपूर्ण नागिओस मॉड्यूलला झाकून टाकतं आणि नागिओसची सगळी डोमेन एकदम कोलमडतात. नावात लोकल ठेवायचं ते याचसाठी.